मध्ये विमान बदलायचंय? सोलापूरहून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांसाठी

जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोड म्हणा, बऱ्याच घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी आता बाहेरदेशी आहे. मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना बघायला निघालेल्या आई-वडिलांना विमानात बसायची भीती फारशी नसते. त्यांचा जीव अडकलेला असतो तो मधल्या विमानतळावर. ‘दुबईत उतरायचं, मग पुढं काय करायचं ओ?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

मिरजेला जायला कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलायची, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. इथंही मुळात तेवढंच आहे. फरक इतकाच की कुर्डुवाडीला सामान आपलं आपण उचलतो, इथं बहुतेक वेळा बॅगा परस्पर पुढं जातात. आणि फलाट चार-पाच नसून शंभर-दोनशे असतात. मात्र ज्यांचं मधलं विमान चुकतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं ते तिकीट काढतानाच चुकलेलं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तिकीट काढताना

पहिलं बघायचं ते हे की सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का. मुंबई–दुबई–शिकागो हे सगळं एका पीएनआरवर असेल, तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. बॅगाही थेट शेवटच्या मुक्कामाला जातात. दोन कंपन्या असल्या तरी पीएनआर एक असेल तर सहसा हेच लागू होतं.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडलेली असतील, तर मामला पालटतो. तिकिटांच्या साइटवर अशा प्रवासापुढं ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अशा वेळी मध्ये उतरून त्या देशाचं इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, करायचं, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, पुन्हा काउंटरवर द्यायच्या. त्यासाठी त्या देशात शिरायचा व्हिसा लागू शकतो. आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखही दाखवत नाही, तिकिटाचे पैसे गेले. आठ-दहा हजार वाचवायला पहिल्यांदा जाणाऱ्या साठीतल्या माणसांना असं तिकीट काढून देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. मुलांना राग आला तरी चालेल.

मग मधला वेळ. प्रत्येक विमानतळाचा ‘किमान कनेक्शन वेळ’ ठरलेला असतो आणि त्याहून कमी वेळाचं तिकीट कंपनी एका पीएनआरवर विकत नाही. पण तो हिशेब वाटा माहीत असलेल्या, भरभर चालणाऱ्या प्रवाशाचा. पहिल्यांदा जात असाल तर मध्ये अडीच-तीन तास ठेवा. अमेरिकेत उतरून तिथंच पुढचं देशांतर्गत विमान घ्यायचं असेल तर चार तास. ‘एवढा वेळ बसून काय करायचं?’ असं वाटेल. पण बसून कंटाळलेलं बरं, धापा टाकत पळण्यापेक्षा.

ट्रान्झिट व्हिसाचं प्रकरण लोक हमखास विसरतात. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी काही देश भारतीय पासपोर्टवाल्याकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात. ब्रिटन त्यातलाच, मात्र अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर तिथं सूट मिळते. कॅनडातून जातानाही हा व्हिसा लागतो. दुबई किंवा दोहाला एकाच तिकिटावर आत बसून विमान बदलायला तो लागत नाही. हे नियम बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका. पैसे भरायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा आणि विमान कंपनीलाही विचारा.

आता तारीख. परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मुंबईतून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर १४ तारखेच्या रात्री आठ-नऊ वाजता विमानतळावर हजर असायला हवं. १५ च्या रात्री आवरून निघालेल्यांना काउंटरवर कळतं की आपलं विमान कालच गेलं. कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकटीत लाल पेनानं ‘आज निघायचं’ असं लिहून टाका.

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावाच्या असतात, हेही ध्यानात असू द्या. मुंबईहून पहाटे ४:३० ला सुटलेलं विमान दुबईला ६:१५ ला उतरतं म्हणजे पावणेदोन तासांत पोहोचत नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे, प्रवास सव्वातीन तासांचाच. पोहोचायच्या वेळेपुढं ‘+१’ असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ.

सोलापूर ते मुंबई, हेही एक कनेक्शनच

होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान २०२५ मध्ये सुरू झालं, फार सोय झाली. पण ते तिकीट तुमच्या दुबईच्या तिकिटाशी जोडलेलं नसेल, तर वर सांगितलेलं ‘वेगळ्या तिकिटा’चं सगळं दुखणं इथंही लागू. छोटं विमान, दिवसातल्या मोजक्या फेऱ्या. एखादी फेरी रद्द झाली तर हातात काही उरत नाही. सामानाची मर्यादाही देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच असते, आणि अमेरिकेला निघालेल्या माणसाकडं ४६ किलो असतं. म्हणून मोठं सामान असेल तर मी रेल्वेच सुचवतो.

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पहाटे-सकाळी मुंबईत पोहोचवते, म्हणजे त्याच रात्रीच्या विमानासाठी अख्खा दिवस हाताशी राहतो. फेब्रुवारी २०२३ पासूनची वंदे भारत सकाळी लवकर निघून दुपारी पोहोचते; ती आठवड्यातून एक दिवस नसते, एवढं तपासून घ्या. विमानतळाला जायचं तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा, तिथून टॅक्सी जवळ पडते. मेट्रो-३ थेट टर्मिनल २ ला जाते, हात मोकळे असतील तर छान. दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन सरकत्या जिन्यांवर कसरत करण्यापेक्षा टॅक्सी बरी. गाडीनं जाणार असाल तर पुणे आणि लोणावळ्याच्या पट्ट्यात अडकण्याचे दोन तास जादा धरा.

मुंबईत आता तीन नावं लक्षात ठेवायची. परदेशी विमानं सहारच्या टर्मिनल २ मधून. सांताक्रूझचं टर्मिनल १ देशांतर्गत विमानांचं, आणि ते रस्त्यानं वेगळं आहे, आतून चालत जाता येत नाही. शिवाय २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नका.

बॅग भरताना

इथं आपल्या लोकांना सांगण्यासारखं खूप आहे, पण प्रवास अडवणारं तेवढंच सांगतो.

खसखस. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीला, खसखशीवर बंदी आहे. ती तिथं अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सिंगापूरलाही चालत नाही. सुटी पुडी तर सोडाच, अनारशाला लावलेली आणि घरच्या मसाल्यात भाजून घातलेलीही खसखसच. लेकीला अनारसे हवेतच असतील तर तिकडं जाऊन करा. आपण फक्त मधून जाणार, बॅग कुठं उघडणार, असा युक्तिवाद लोक करतात. मी म्हणतो, नातवाचं तोंड बघायला निघालाय, हा जुगार कशाला?

सुकं खोबरं विमान कंपन्या ज्वालाग्राही मानतात, ते काढून ठेवा. ताजा कढीपत्ता, फळं, बी-बियाणं आणि मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खुशाल न्या, पण चटणी मोठ्या बॅगेत टाका: भुकटीसारख्या वस्तूंची हातातल्या बॅगेत जादा तपासणी होते, विशेषतः अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर. लोणचं आणि तूपही मोठ्या बॅगेतच, चांगलं सीलबंद करून. सोलापुरी चादरी नेताना आधी वजनकाट्यावर ठेवून बघा; दोन डबल बेडच्या चादरींनी बॅगेचा केवढा भाग खाल्ला ते काउंटरवर कळून उपयोग नाही.

हातातल्या बॅगेत: पासपोर्ट, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, इन्सुलिन, चष्मा, एक जोडी कपडे, स्वेटर, मोबाइलचा चार्जर. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटल्यांत, सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आणि एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं: दोन्ही विमानांचे नंबर, मुलाचा पत्ता आणि फोन. मोबाइलची बॅटरी संपली की हा कागद लाखमोलाचा.

काउंटरवरचे पाच मिनिटं

अख्ख्या प्रवासातली सगळ्यात कामाची पाच मिनिटं हीच. विमानाच्या वेळेआधी तीन-चार तास पोहोचा. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं.

बॅग पट्ट्यावर ठेवली की कर्मचारी तिच्या कानाला कागदी पट्टी गुंडाळतो. ती पट्टी वाचा. अगदी वाकून, चष्मा लावून. सगळ्यात मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी कोड असतो, तो बॅगेचा शेवटचा मुक्काम. शिकागोला चाललात तर ओआरडी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाला जेएफके, लंडन हीथ्रोला एलएचआर. मधला मुक्काम, म्हणजे दुबईचा डीएक्सबी किंवा फ्रँकफर्टचा एफआरए, लहान अक्षरांत असतो. मोठ्या अक्षरांत मधल्या गावाचा कोड दिसला तर तिथंच विचारा: ‘बॅग शेवटपर्यंत चेक्ड थ्रू आहे का?’ हे इंग्रजी शब्द पाठ करून ठेवा, बाकी हिंदीत बोललात तरी चालतं. त्या पट्टीचा एक लहान तुकडा तुमच्या बोर्डिंग पासवर किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवतात. त्यावर बॅगेचा नंबर असतो. बॅगेची सोय लागेपर्यंत तो फाडून टाकायचा नाही.

आणि दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मागून घ्या. दोन विमानं, दोन पास. दुसरा मिळाला नाही तर घाबरायचं कारण नाही, मधल्या विमानतळावर ‘ट्रान्सफर डेस्क’ असतो तिथं मिळतो. पण मग उतरल्यावर पहिलं काम तेच.

जेवणाबद्दल एक सांगायचं राहू नये. शाकाहारी असाल तर तिकीट काढताना किंवा निदान २४ तास आधी एव्हीएमएल हा कोड असलेलं जेवण नोंदवा. जैनांसाठी व्हीजेएमएल. एचएनएमएल म्हणजे ‘हिंदू मील’, आणि त्यात मांस असतं, फक्त गोमांस नसतं. नाव बघून भले भले फसतात.

उतरल्यावर

विमान थांबलं की सगळे उठून उभे राहतात. तुम्ही शांत बसा, घड्याळ तिथल्या वेळेवर लावा, मोबाइलवर वेळ बदलली का बघा. उतरून बोगद्यातून आत आलात की गर्दीच्या मागं जाऊ नका; गर्दीतले निम्मे लोक त्याच गावात राहणारे असतात आणि ते बाहेर पडायच्या दिशेनं चाललेले असतात. पाट्या बघा. तुम्हाला हवी ती पाटी ‘ट्रान्सफर’, ‘ट्रान्झिट’ किंवा ‘फ्लाइट कनेक्शन्स’. ‘अरायव्हल्स’, ‘बॅगेज क्लेम’ किंवा ‘एक्झिट’च्या पाटीमागे गेलात तर इमिग्रेशनच्या रांगेत जाऊन उभे राहाल.

मग पुन्हा सुरक्षा तपासणी. मुंबईत एकदा झालीय, परत कशाला, असं म्हणून वाद घालू नका. जवळजवळ सगळीकडे होते. पाण्याची बाटली आधीच रिकामी करा, पलीकडं नळावर भरून घ्या.

आता मोठा बोर्ड. पहिल्यांदा बघणाऱ्याची इथं हमखास गाळण उडते, म्हणून जरा सावकाश सांगतो. बोर्डावरच्या ओळी विमानं सुटायच्या वेळेच्या क्रमानं असतात. आधी तुमच्या विमानाची वेळ शोधा. त्या वेळेच्या आसपास तुमच्या गावाची दोन-तीन विमानं असू शकतात, तेव्हा गावाचं नाव बघून थांबू नका. बोर्डिंग पासवरचा विमानाचा नंबर जुळवा. एकाच विमानाला तीन-चार कंपन्यांचे नंबर असतात आणि बोर्डावर ते आळीपाळीनं बदलत राहतात; आपला नंबर दिसला नाही तर अर्धा मिनिट तिथंच उभं राहा, येईल. नंबरासमोर गेट. गेटचा नंबर रिकामा असेल तर तो अजून ठरलेला नाही, वीस मिनिटांनी परत या. बोर्डिंग पासवर छापलेला गेट नंबर मुंबईतला अंदाज असतो, बोर्डावरचा खरा.

गेट मिळाला की आधी तिथवर जाऊन या. जागा बघून आलात की मग चहा, बाथरूम, दुकानं. गेटचं दार विमान सुटायच्या १५-२० मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंग पासवर लिहिलेली वेळ ही दार उघडायची. आणि लाउडस्पीकरवर नाव पुकारतील या भरवशावर डुलकी घेऊ नका. मुंबईच्या विमानतळानंच २०१५ पासून घोषणा बंद केल्यात. बाहेरही बरेच विमानतळ गप्पच असतात.

घरी कळवायचं असेल तर वायफाय मिळतं. दुबईत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. ते तिथल्या सरकारचं बंधन आहे. मोबाइल बिघडला म्हणून हैराण होऊ नका, नुसता ‘पोहोचलो, गेट मिळालं’ एवढा मेसेज टाका. सोलापुरात रात्रभर जागून बसलेला माणूस तेवढ्यानं झोपतो.

कुठल्या विमानतळावर काय वेगळं

दुबईत एमिरेट्सची विमानं टर्मिनल ३ मध्ये ए, बी, सी अशा तीन भागांत लागतात. ए आणि बी यांच्यामध्ये छोटी रेल्वे आहे, तिकीट नाही, पाटी बघून चढायचं. पुढचं विमान फ्लायदुबईचं असेल तर ते टर्मिनल २ मधून सुटू शकतं; तिथं बसनं नेतात आणि त्यात वेळ जातो, म्हणून आधी विचारून घ्या. चार्जरला इंग्रजी पद्धतीचे तीन चौकोनी खुंट्यांचे सॉकेट आहेत.

दोहाचा हमाद विमानतळ २०१४ चा, एकच मोठी इमारत. मधोमध पिवळ्या अस्वलाचा महाकाय पुतळा आहे, डोक्यात दिवा असलेला. चुकामूक झाली तर अस्वलापाशी भेटायचं, असं नवरा-बायकोनं आधीच ठरवून टाका.

हीथ्रोला जांभळ्या रंगाच्या ‘फ्लाइट कनेक्शन्स’ पाट्या धरून चाला. टर्मिनल बदलायचं असेल तर आतली बस असते. तिथं टर्मिनल २, ३, ४ आणि ५ आहेत. १ शोधत फिरू नका, ते २०१५ मध्ये बंद झालं.

फ्रँकफर्ट आणि एकूण युरोपचं गणित वेगळं. तुम्ही मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो चालला असाल तर आतल्या आत विमान बदलायचं. पण मुंबई–फ्रँकफर्ट–हॅम्बुर्ग किंवा मुंबई–फ्रँकफर्ट–माद्रिद चालला असाल, तर शेंगेन भागात, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरायचं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि त्यांच्यात शिरताना पहिल्या विमानतळावरच शिक्का. ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे रांग लांबते; तासाभराचं कनेक्शन युरोपात घेऊ नका. बॅग मात्र एका तिकिटावर थेट हॅम्बुर्गलाच जाते.

अमेरिकेत याच्या उलट, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतराल, तिथं इमिग्रेशन तर होतंच, शिवाय पट्टीवर पुढच्या गावाचा कोड असला तरी बॅगा स्वतः उचलाव्या लागतात. समजा शिकागोला उतरून पुढं एखाद्या छोट्या शहरात जायचंय. शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर बहुतेक परदेशी विमानं टर्मिनल ५ ला येतात. तिथं पासपोर्टची रांग, मग बॅगा उचला, कस्टममधून बाहेर या. खाऊ आहे का असं विचारलं तर सरळ ‘हो’ म्हणा आणि काय आहे ते सांगा. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर एखादा पदार्थ काढून घेतील. बाहेर आल्याबरोबर ‘कनेक्टिंग बॅगेज’चा काउंटर लागतो, तिथं बॅगा पुन्हा सोडायच्या. मग छोट्या रेल्वेनं देशांतर्गत टर्मिनल १, २ किंवा ३, आणि तिथं परत सुरक्षा तपासणी. म्हणून म्हटलं चार तास. ड्यूटी फ्रीची बाटली किंवा अत्तर घेतलं असेल तर बॅगा सोडायच्या आधी त्यात टाका, नाहीतर पुढच्या तपासणीत जाईल.

यातून एक पळवाट आहे. अबुधाबीत अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथंच उरकतात. अबुधाबीहून अमेरिकेला गेलात की उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर. थकलेल्या अवस्थेत शिकागोच्या रांगेपेक्षा अबुधाबीची रांग परवडते, असं माझं मत. फक्त तिथं मध्ये तीन तास तरी हवेत.

व्हीलचेअर

मागायला लाज कसली? गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल, तर ती विनामूल्य मिळते. तिकीट काढताना किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा, आणि सगळ्या टप्प्यांवर नोंदली आहे का हे बघा. नुसत्या मुंबईपुरती नोंद झाली तर दुबईत कुणी येत नाही. कोड तीन: चढउतार जमत असेल पण लांब चालवत नसेल तर डब्ल्यूसीएचआर, जिने जमत नसतील तर डब्ल्यूसीएचएस, अजिबात चालता येत नसेल तर डब्ल्यूसीएचसी. उगाच शेवटचा नोंदवू नका, ज्यांना खरी गरज आहे त्यांची खुर्ची अडते.

खुर्ची ढकलणारा माणूस मध्येच एका कोपऱ्यात बसवून दुसऱ्याला आणायला जातो. तेव्हा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास आपल्याच हातात ठेवा, आणि विमानाला तासभर उरला तरी तो आला नाही तर जवळच्या काउंटरवरच्या माणसाला हाक मारा. बक्षिसी द्यायलाच हवी असं नाही; अमेरिकेत चार-पाच डॉलर द्यायची रीत आहे.

चुकलंच तर

पहिलं विमान उशिरा आहे हे मुंबईतच कळलं तर काउंटरवर सांगा. कधी कधी तिथंच पुढचं विमान बदलून देतात. विमानात कळलं तर हवाई सुंदरीला बोर्डिंग पास दाखवा, घाईचं कनेक्शन असलेल्यांना काही वेळा आधी उतरवतात.

उतरेपर्यंत दुसरं गेलंच, तर गेटकडं धावण्यात अर्थ नाही. ट्रान्सफर डेस्क गाठा. एका तिकिटावर असाल तर नवं विमान, आणि रात्र काढावी लागणार असेल तर बऱ्याचदा हॉटेल आणि जेवणाची कुपनं मिळतात. स्वतःहून मागा, विसरले असं होतं. रांगेत उभं राहूनच कंपनीच्या ॲपवर किंवा मुलाला फोन लावून त्याच्याकरवी बदल करून घेता आला तर उत्तम. नव्या विमानाचा नंबर कागदावर लिहून घ्या, आणि ‘बॅगा याच विमानात येणार ना?’ हे विचारा. युरोपातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रवासात कंपनीच्या चुकीमुळे तीन तासांहून जास्त उशीर झाला तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. वादळ-बर्फ यात धरत नाहीत. बोर्डिंग पास जपून ठेवा, मागणीला तेच पुरावे.

परतताना

परत येताना नियम जवळपास अमेरिकेसारखाच: भारतात पहिल्यांदा जिथं उतराल तिथं इमिग्रेशन आणि सामान. दिल्लीमार्गे मुंबईला येत असाल तर साधारणपणे दिल्लीत बॅगा उचलून, कस्टम करून पुन्हा द्याव्या लागतात. ४६ किलो घेऊन उतरलात आणि पुढचं देशांतर्गत तिकीट वेगळं असेल, तर १५ किलोच्या वरचे पैसे मोजावे लागतील; आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जास्त झटका इथं बसतो. मुंबईत थेट उतरून रेल्वेनं सोलापूर गाठलेलं सोपं. विमान पहाटे उतरत असेल तर सकाळची कुठली गाडी घट्ट वेळेत धरायच्या फंदात पडू नका, बॅगा यायलाच तास लागतो. दुपारची वंदे भारत किंवा रात्रीची सिद्धेश्वर बघा.

बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर बाहेर पडायच्या आधी तिथल्याच बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवा. त्याला पीआयआर म्हणतात, एक नंबर देतात. बोर्डिंग पासवरचा तो चिकटलेला तुकडा इथं लागतो. बॅग फाटली-मोडली असेल तर लेखी तक्रारीला ७ दिवस, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवस मुदत असते. बॅग सापडली की कंपनी घरपोच पाठवते, पण फॉर्मवर मुंबईतल्या नातेवाइकाचा पत्ता घालू नका, सोलापूरचाच घाला. पिनकोड, जवळची खूण आणि घरी फोन उचलणाऱ्या माणसाचा भारतातला नंबर लिहा. अमेरिकेचं सिम तोवर तुम्ही काढून ठेवलेलं असतं.